फौज परतल्यावर राज्य कोणाचे?

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना ढाका सोडून भारतात यावे लागले. पुढच्या दिवसांत बांगलादेशातील हिंदूंची घरे, दुकाने आणि मंदिरे यांवरील हल्ल्यांच्या बातम्या येऊ लागल्या. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य सारखे कानावर पडते: ‘पुन्हा एकदा एकाहत्तर करा.’ वाहिन्यांवरच्या चर्चांत ते येते, व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक ग्रुपवर येते. त्याला उत्तर देणारेही तितकेच ठरलेले वाक्य फेकतात: ‘दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवायचे तर आपल्यात आणि अमेरिकेत फरक काय राहिला?’ मग इराक निघतो, लिबिया निघतो, युक्रेन निघतो. कोणाला तेल हवे होते, कोणाला निवडणूक जिंकायची होती, कोणाच्या मनात खरी करुणा होती, यावर वाद येऊन थांबतो. हजारो माणसांच्या मरणाजगण्याचा प्रश्न इतक्या उथळपणे लढवला जावा याचा मला मनापासून त्रास होतो.

माझी भूमिका सरळ सांगतो. परक्या देशात सैन्य पाठवणे कधीकधी योग्य असते आणि १९७१ मध्ये ते योग्यच होते. पण आपला हेतू निर्मळ होता किंवा आपले सैन्य बलाढ्य होते, एवढ्याने ते योग्य ठरले नाही. ज्यांच्या हाती सत्ता सोपवायची ते सरकार तिथल्या लोकांनी मतपेटीतून आधीच निवडलेले होते, आणि काम झाल्यावर आपण खरोखरच निघून आलो, म्हणून ते टिकले. या दोन गोष्टी जिथे नव्हत्या तिथे पराक्रमी सैन्येही रुतून बसली. त्यांत आपले सैन्यही आले. ‘पुन्हा एकाहत्तर’ म्हणणाऱ्यांना एकाहत्तरचा विजय आठवतो, पण तो कशावर उभा होता हे आठवत नाही. आणि ‘कधीच नको’ म्हणणाऱ्यांना त्या वर्षी आपण हात बांधून बसलो असतो तर काय झाले असते याचा विचार करावासा वाटत नाही.

आधी हेतूचा काथ्याकूट बाजूला करू. डिसेंबर १९७१ मध्ये सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी आपला हेतू अत्यंत शुद्ध असून पूर्व बंगालच्या लोकांची सुटका एवढाच आहे, असे सांगितले. ते पूर्ण सत्य नव्हते. पाकिस्तान दुभंगणे दिल्लीला हवेच होते. सुमारे एक कोटी निर्वासित पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात येऊन पडले होते आणि त्यांचा भार आपल्याला पेलवत नव्हता. पूर्व बंगालच्या बंडखोर मुक्तिवाहिनीला शस्त्रे आणि प्रशिक्षण आपण कित्येक महिने देत होतो. पाकिस्तानी विमानांनी ३ डिसेंबरला आपल्या तळांवर हल्ला केला, पण त्याच्या आधीच, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आपल्या तुकड्या सीमेपलीकडे लढत होत्या. हे सगळे मान्य. मग काय? आपला स्वार्थ होता म्हणून २५ मार्चच्या रात्री ढाका विद्यापीठापासून सुरू झालेली कत्तल थांबवणे चूक ठरते का? ज्यांचे जीव वाचले त्यांना वाचवणाऱ्याच्या मनाची पावती हवी होती का?

खरे तर स्वार्थ अजिबात नसणे हेच पुष्कळदा घातक ठरते. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी सैनिक सोमालियात उतरले ते भुकेने मरणाऱ्यांपर्यंत धान्य पोहोचवण्यासाठी. त्या मोहिमेत अमेरिकेला मिळवण्यासारखे फारसे काही नव्हते. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या रस्त्यांवर १८ अमेरिकी सैनिक मारले गेले आणि पुढच्या मार्चपर्यंत अमेरिका तिथून बाहेर पडली. लगेच एप्रिल १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचे शिरकाण सुरू झाले. तेव्हा कोणालाच तिथे जायचे नव्हते. २१ एप्रिलला, म्हणजे रोज हजारो माणसे कोयत्यांनी कापली जात असताना, सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० जणांवर आणली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मेली. उलट टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरेंकडे पाहा. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने १९७८ मध्ये त्यांच्या कागेरा प्रांतात सैन्य घुसवले. न्येरेरेंनी ते हुसकावून लावले आणि तिथेच न थांबता एप्रिल १९७९ मध्ये युगांडाची राजधानी कंपाला घेतली. त्यांना स्वतःची सीमा सुरक्षित करायची होती. पण अमीनच्या तुरुंगांतून जिवंत बाहेर आलेल्यांना ती मोहीम परकी वाटली नसणार.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. सार्वभौमत्वाचा नियम हे लहान देशांचे एकमेव कवच आहे, आणि ते भेदणारा प्रत्येक जण सुटकेचीच भाषा बोलतो. १९३८ मध्ये हिटलरला चेकोस्लोवाकियातल्या सुडेटन जर्मनांचा छळ असह्य झाला होता. २०१४ मध्ये क्रिमियात आणि २०२२ मध्ये उर्वरित युक्रेनमध्ये रशियाला रशियन भाषकांचे रक्षण करायचे होते. आपल्या वंशाच्या, भाषेच्या किंवा धर्माच्या लोकांना सीमेपलीकडे वाचवायला निघालेल्या सैन्याचा इतिहास भयंकर आहे. म्हणूनच ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ मते पडली, विरोधात फक्त ११. भारताच्या विरोधात मत देणाऱ्यांत अमेरिका आणि चीनचे मिंधे नसलेले कितीतरी नवस्वतंत्र देश होते. ते सगळे निर्दय होते का? त्यांना भीती होती की उद्या आपला बलाढ्य शेजारीही असेच कारण सांगून आत येईल. ही भीती मी हलकी मानत नाही.

पण या नियमाला काहीच अपवाद नसेल तर तो कोणाचे रक्षण करतो हेही पाहिले पाहिजे. पोल पॉटच्या राजवटीत कंबोडियाची पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, श्रमाने आणि छळाने संपली. व्हिएतनामने डिसेंबर १९७८ च्या अखेरीस हल्ला केला आणि ७ जानेवारी १९७९ रोजी राजधानी नॉमपेन्ह घेतली, तेव्हा हा संहार थांबला. त्यानंतर जगाने काय केले? संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची खमेर रूजच्याच, म्हणजे पोल पॉटच्याच पक्षाच्या, प्रतिनिधीकडे ठेवली, तीही वर्षानुवर्षे, कारण व्हिएतनामने नियम मोडला होता. चीनने तर फेब्रुवारी १९७९ मध्ये व्हिएतनामवर हल्ला करून त्याला ‘धडा’ शिकवला. भारताने १९८० मध्ये नॉमपेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा आपण जवळजवळ एकटे होतो. नियम पाळणाऱ्यांची बाजू इतकी नैतिक असती, तर खुनी राजवटीचा माणूस मृतांच्या नावाने मत देत तिथे बसला असता का?

तेव्हा ‘कधीच नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. मग कधी? इथेच एकाहत्तर नीट वाचावे लागते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या वाट्याच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. ३०० जागांच्या सभागृहात ते स्पष्ट बहुमत होते. लष्करी राजवटीने ते सभागृह भरूच दिले नाही आणि रणगाडे बाहेर काढले. १७ एप्रिल १९७१ रोजी मेहेरपूरजवळच्या आमराईत ताजुद्दीन अहमद यांच्या सरकारने शपथ घेतली, तेव्हा त्यांच्यामागे मतदान झालेला प्रदेश होता, स्वतःचे लढणारे तरुण होते आणि भूमीवर प्रशासन चालवू शकणारी माणसे होती. भारताने आठ महिने थांबून जयप्रकाश नारायण आणि स्वतः इंदिरा गांधी यांच्यामार्फत जगाची दारे ठोठावली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. ६ डिसेंबरला मान्यता दिली ती या निवडलेल्या सरकारला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागती पत्करली आणि १९७२ च्या मार्चच्या मध्यापर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडले होते. तीन महिने! दिल्लीने स्वतःच्या पसंतीचा कोणी ढाक्यात आणून बसवला नाही. मुजीब पाकिस्तानच्या कैदेतून सुटून परतले आणि त्यांच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

सोळा वर्षांनी आपणच दुसऱ्या शेजाऱ्याच्या घरात गेलो. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपली शांतिसेना जाफनाकडे निघाली. कायद्याने पाहिले तर ही मोहीम एकाहत्तरपेक्षा कितीतरी निर्दोष होती, कारण श्रीलंकेच्या निवडून आलेल्या अध्यक्षांनी आपल्याला बोलावले होते. पण ते बोलावणे कोणाचे होते? जयवर्धनेंचे स्वतःचे पंतप्रधान प्रेमदासा करारावर इतके नाराज होते की ते समारंभालाच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारणाऱ्या राजीव गांधींवर एका सिंहली नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. करार ज्यांच्यासाठी होता त्या तमिळांच्या वतीने सही करणारे कोणी नव्हते. तमिळ टायगर्स या सशस्त्र संघटनेचा नेता प्रभाकरन याने अनिच्छेने मान तुकवली आणि १० ऑक्टोबरला युद्ध पेटले. ते आपणच आधी शस्त्रे आणि प्रशिक्षण दिलेल्या मुलांशी होते. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांच्या पलटणीतले एकोणतीस मारले गेले. दिवाळीच्या दिवशी जाफना रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले. आपल्याकडे हे फार कमी जण बोलतात, पण बोलले पाहिजे. २५ नोव्हेंबरला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला टिपले आणि ते धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या शौर्यात काहीही कमी नव्हते. त्यांना जिथे पाठवले त्या कामातच गफलत होती.

ती गफलत कोणती? सत्ता कोणाच्या हाती द्यायची हे जाण्यापूर्वी ठरलेले नव्हते. मग आपण ते तयार करायला बसलो. १९८८ मध्ये आपल्या सैन्याच्या पहाऱ्यात ईशान्य प्रांताची निवडणूक घेतली, टायगर्सनी बहिष्कार टाकला आणि वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. दक्षिणेत ‘भारतीय घुसखोरी’च्या रागावर जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचे दुसरे बंड पोसले गेले आणि तिथल्या सरकारी दडपशाहीत सिंहली तरुण हजारोंनी मारले गेले. अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी आपल्याला घालवण्यासाठी चक्क टायगर्सशी हातमिळवणी करून त्यांना शस्त्रे दिली. मार्च १९९० मध्ये आपली शेवटची तुकडी निघाली, तेव्हा पेरुमाळही भारतात पळून आले, कारण आपल्या संगिनींशिवाय त्यांच्या सरकाराला आधार नव्हता. सुमारे बाराशे जवान गेले. मद्रासला परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, श्रीपेरुंबुदूरला टायगर्सनी राजीव गांधींची हत्या केली.

बोलावून आणलेली फौज म्हणजे लोकांची संमती, हा भ्रम आपल्या मातीत तरी टिकायला नको होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला हरलेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. मे १८०३ मध्ये कंपनीच्या फौजेने त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवले. कायदेशीर धन्याच्या विनंतीवरून, त्याच्याच रक्षणासाठी! सोळा वर्षांच्या आत पेशवाई उरली नाही. आणि आपण नेहमी सोसणाऱ्यांच्याच बाजूला होतो असेही नाही. जयपूरच्या वारसाहक्काच्या भांडणात मराठी सरदार उतरले, ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली, होळकरांच्या पाठबळावर माधोसिंह गादीवर आला. जानेवारी १७५१ मध्ये त्याच जयपुरात शहर पाहायला आत गेलेल्या मराठ्यांची लोकांनी कत्तल केली. दहा वर्षांनी पानिपतावर राजपुतान्यातून मदतीला कोण आले? परमुलखातल्या गादीवर आपला माणूस बसवला की तो मुलूख आपला होतो, ही समजूत आपल्याच पूर्वजांनी महागात फेडली आहे.

इराक आणि लिबियाची कथा याच सूत्रात बसते आणि ती आता सर्वांना ठाऊक आहे. महासंहारक शस्त्रे इराकमध्ये सापडली नाहीत, हे पहिले पाप. पण सगळे उद्ध्वस्त झाले ते मे २००३ च्या दोन आदेशांनी. बगदादमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सद्दामच्या बाथ पक्षाच्या लोकांना नोकऱ्यांतून काढले आणि सबंध इराकी सैन्य बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे एका आठवड्यात बेकार आणि अपमानित झाली. लिबियाच्या वेळी तर सुरक्षा परिषदेची परवानगी होती. १७ मार्च २०११ चा ठराव बेंगाझीच्या नागरिकांच्या रक्षणाचा होता आणि भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया, चीन तटस्थ राहिले. महिन्याभरात रक्षणाचे काम राजवट उलथवण्याचे झाले. २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला. २०१४ पर्यंत लिबियात दोन सरकारे एकमेकांवर तोफा डागत होती. नंतरच्या दिवसाची तयारी न करणे ही आपली सर्वांत वाईट चूक, असे बराक ओबामांनी पुढे कबूल केले. आपल्या सरकारचे एक श्रेय इथे मोकळेपणाने द्यायला हवे. जुलै २००३ मध्ये अमेरिकेचा मोठा आग्रह असताना आणि देशातही अनेकांचा कल तिकडे असताना, वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. त्या नकाराने आपले किती जवान वाचवले असतील?

माझ्या कसोटीवर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला कंबोडियाचा. तिथे निवडलेले सरकार नव्हते, व्हिएतनामने आपल्या मर्जीतले लोक बसवले आणि दहा वर्षे ठाण मांडले. तरीही ती मोहीम झाली नसती तर बरे झाले असते असे मी म्हणू शकत नाही. जिथे सबंध समाजच संपवला जात आहे तिथे कत्तल थांबवणे आधी, बाकीचे नंतर. पण ठाण मांडल्याची किंमत तिथल्या लोकांनी आणखी दहा वर्षांच्या यादवीने मोजली, हेही खरे. दुसरा आक्षेप बांगलादेशाचाच. मुजीबांनी १९७५ च्या जानेवारीत एकपक्षीय राज्य आणले, ऑगस्टमध्ये त्यांची कुटुंबासह हत्या झाली, आणि पुढे लष्करशहा आले. मग एकाहत्तर यशस्वी कसे? माझे उत्तर असे की त्यानंतरचे बरेवाईट बांगलादेशी लोकांनी केले आणि त्याची उलथापालथही त्यांनीच केली. १९९० मध्ये लष्करशहा इर्शाद यांना रस्त्यावर उतरून त्यांनीच घालवले. मुक्त झालेल्या देशाला चुकण्याचा अधिकारही मिळतो. तो आपण दिला होता, म्हणून ढाक्यात आपली पलटण अडकून पडली नाही.

आता ‘पुन्हा एकाहत्तर’वाल्यांना विचारू. ढाक्यात सत्ता कोणाला देणार? भारतात आश्रय घेतलेल्या, विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला म्हणून लोकांनी घालवलेल्या पंतप्रधानांना? की दिल्लीतून निवडलेल्या कोणाला? आणि ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांचे काय होईल? २०२२ च्या जनगणनेनुसार बांगलादेशात हिंदू सुमारे आठ टक्के आहेत, म्हणजे सव्वा कोटींहून अधिक. ते कुठल्या एका पट्ट्यात राहत नाहीत. खुलना, सिल्हेट, रंगपूर, चितगाव, सगळीकडे गावोगाव विखुरलेले आहेत. भारतीय रणगाडा सीमा ओलांडेल त्या क्षणी यातले प्रत्येक घर ओलीस होईल. तिथला जो मुसलमान शेजारी आज मंदिराबाहेर पहारा देतो, त्याला उद्या देशद्रोही ठरवले जाईल. हिंदूंवरचे हल्ले खरे आहेत, ते सौम्य शब्दांत गुंडाळू नयेत, आणि दिल्लीने व्यापार, पाणी, व्हिसा, आंतरराष्ट्रीय व्यासपीठे यांचा दबाव त्यासाठी उघडपणे वापरावा. पण १९७१ च्या मार्चमध्ये होती तशी, राज्यानेच सैन्य लावून चालवलेली कत्तल आणि तुडवले गेलेले बहुमत, ही स्थिती तिथे नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. परदेशात लढायला सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी अशी अट आपल्या राज्यघटनेत नाही. ब्रिटनमध्येही तसा लेखी कायदा नाही, पण इराकनंतर तिथे प्रघात पडला. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर हल्ल्याचा कॅमेरून सरकारचा प्रस्ताव कॉमन्स सभागृहाने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि हल्ला झाला नाही. अमेरिकेत अध्यक्षांच्या युद्धाधिकारावर संसदेचा अंकुश ठेवणारा १९७३ चा कायदा आहे, तो लिबियाच्या वेळी ओबामा प्रशासनाने शाब्दिक पळवाट काढून टाळला, म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. तरी आपल्याकडे तेवढाही नाही. यावर लगेच मालदीवचे उदाहरण दिले जाईल. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालेत भाडोत्री सैनिकांनी बंड केले, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपले पॅराट्रूपर हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. तेव्हा संसदेची बैठक बोलावत बसलो असतो तर गयूम वाचले नसते. बरोबर आहे. म्हणून तातडीच्या वेळी सैन्य आधी जावे आणि मंजुरी तीस दिवसांच्या आत घ्यावी, अशी तरतूद करता येईल. मात्र ती मागताना सरकारने लेखी उत्तर दिले पाहिजे: तिथल्या कोणी आपल्याला बोलावले, त्यांच्यामागे किती लोक आहेत याचा पुरावा काय, सत्ता कोणाच्या हाती सोपवायची, आणि शेवटचा जवान कोणत्या महिन्यापर्यंत परत येईल. १९८७ च्या जुलैत हे प्रश्न लोकसभेच्या पटलावर आले असते, तर जयवर्धनेंच्या सहीवर विसंबून जाफनाला जाण्याला तिथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हात वर केला असता?